वसंताचा बैल आणि माझे पुढचे दोन दात

माझे पुढचे दोन दात गेले त्याला आमच्या घरचा तिळगूळ जबाबदार आहे, हे मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. सगळी नोकरी विमा कंपनीच्या दावे विभागात झाल्यामुळे कारण आधी आणि नुकसान मागाहून, अशी मला सांगायची सवय आहे. तर नलूने, म्हणजे माझ्या पत्नीने, संक्रांतीला केलेला लाडू मी चारचौघांत चावला. लाडू जसाच्या तसा राहिला. शेजारचे तात्या 'गोड बोला' म्हणाले, मी गोड बोलायला तोंड उघडलं, आणि माझ्यात काहीतरी कमी झालंय हे त्यांनीच मला सांगितलं.

दात गेले की आमच्याकडे डॉ. ल्याँग यांच्याकडे जायचं असतं. त्यांचा दवाखाना आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे. लालबागेतली ही इमारत चाळ होती तेव्हाही तो इथेच होता. तेव्हा त्यांचे वडील दात काढायचे, आता डॉक्टर काढतात. ल्याँगांचा हात गेला नाही असा एकही जबडा आमच्या सोसायटीत नाही. डॉक्टर सत्तरीचे, जन्म इथला, शाळा डिलाइल रोडची, आणि खुशीत आले की मालवणी बोलतात. नवा पेशंट त्यांच्याशी हिंदीत सुरू होतो आणि ते 'वायच तोंड उघडा' म्हणाले की आपोआप उघडतो.

डॉक्टरांना एक सवय आहे. मनातलं काही सांगायला लागतात आणि ऐन मुद्द्यावर 'राहू दे' म्हणून थांबतात. माझी सवय नेमकी उलटी. समोरच्याची अडचण पुरती ऐकायच्या आत माझ्या तोंडून 'त्यात काय एवढं' निघून जातं. नलूच्या मते या तीन शब्दांपायी आमच्या घरात लोकांची केळवणं झाली, कोणाचा कुत्रा उन्हाळाभर राहून गेला, आणि तात्यांच्या भाच्याचा सोफा आला तो अजून गेलेला नाही. मी त्याला परोपकार म्हणतो. नलू जे म्हणते ते इथे लिहीत नाही.

त्या दिवशी डॉक्टर खुशीत होते. त्यांचं चिनी नववर्ष जवळ आलं होतं. दवाखान्याच्या दाराला सोनेरी अक्षरांचे लाल कागद लागले होते. ते बघून खालच्या रस्त्यावरची दोन माणसं सेल लागलाय समजून आत येऊन गेली होती. डॉक्टरांनी माझ्या तोंडात माप घ्यायचा लगदा भरला आणि विचारलं, "रमाकांत, तुझ्या घरचो तो लाडू अजून शिल्लक आसा काय?"

मी मान हलवली.

"माका होयो," ते म्हणाले आणि मग कारण सांगितलं. त्यांच्या स्वयंपाकघरात एक देव असतो. वर्षभर तो चुलीपाशी बसून घरातली भांडणं ऐकतो आणि वर्ष संपायच्या आधी वर जाऊन सगळी चुगली करतो. म्हणून निघायच्या आधी त्याच्या ओठांना काहीतरी चिकट गोड लावायचं, म्हणजे तिथे गेल्यावर त्याचं तोंड उघडत नाही. "बाजारातलं काय उपयोगाचं नाही. नलूवहिनींच्या लाडवावर माझा भरवसा आहे. पुरावा समोर बसलाय."

नलूने नंतर अख्खा डबा पाठवला. देवाचं तोंड बंद करायला आपला लाडू निवडला गेला, हा मान की अपमान, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.

लगदा सुकेपर्यंत डॉक्टर बोलत राहिले. नववर्षाच्या आसपासच त्यांच्या वसंताचा पहिला दिवस येतो. त्या दिवशी मातीचा बैल करतात, त्याच्या पोटात धान्य भरतात, आणि गावातली सगळी माणसं रंगीत काठ्यांनी त्याला मारतात. ऊठ बाबा, थंडी संपली, नांगराला चल. बैल फुटला की ती माती लुटायची आणि आपापल्या शेतात नेऊन टाकायची. पीक जोरात येतं.

"वडील करायचे," डॉक्टर म्हणाले. "चाळीच्या मागच्या अंगणात. एवढासा बैल. शेत कुठलं, पण चाळीतली माणसं माती घेऊन जायची, तुळशीत टाकायची. मग बासष्टची लढाई झाली. आम्हाला पोलिसांत हजेरी लागली. वडील म्हणाले, चिनी माणसानं काठ्या घेऊन अंगणात उभं राहायला नको. राहू दे. मी सात वर्षांचा होतो. त्यानंतर आम्ही जे काय केलं ते दार लावून केलं." त्यांनी माझ्या तोंडातलं माप सैल केलं. "यंदा मनात येत होतं, एकदा उघड्यावर… राहू दे."

माप बाहेर आलं आणि त्याच्या पाठोपाठ माझे तीन शब्द बाहेर आले.

"लालबागेत मातीच्या मूर्तीला काय तोटा? माझ्यावर सोडा," हेही मी म्हणालो. डॉक्टरांचा हात तसाच थांबला. इतकी वर्षं त्यांनी माझ्या तोंडात पाहिलं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा तोंडाकडे पाहिलं. मग मला माघार घेणं शक्य नव्हतं.

नलूला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "बैलाला मारणार? तुम्ही? झुरळ दिसलं की मला हाक मारता."

"मातीचा आहे."

"झुरळ मेलेलं असलं तरी हाक मारता."

तिच्याशी वाद न घालता मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलो. अ‍ॅडव्होकेट वैशाली साळवे वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण त्यांच्यासमोर मला नेहमी आपला दावा फेटाळला जाणार असं वाटत राहतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ल्याँगकाकांचा कार्यक्रम आहे ना? मग माझी हरकत नाही. गाड्यांपासून लांब फोडा आणि नंतर लगेच झाडून घ्या."

इथे पहिली अडचण आली. डॉक्टरांकडे नववर्षाच्या दिवसांत झाडू मारत नाहीत, नशीब झाडलं जातं म्हणून. घरातले झाडू त्यांनी लपवूनसुद्धा ठेवले होते. हे कळल्यावर नलू म्हणाली की इतका सुधारलेला सण आपल्या पूर्वजांना का सुचला नाही. डॉक्टरांचं म्हणणं, झाडायला काही उरतच नाही, लोक कण न् कण उचलतात. वैशालीताईंनी खिडकीतून कंपाउंडकडे बघितलं. "आपल्या सोसायटीत लोक उचलत नाहीत काका, टाकतात. पण ठीक आहे."

दुसरी अडचण तिसऱ्या मजल्यावरून उतरून आली. तात्या. ते स्वतःला वाईकडचे शेतकरी म्हणवतात. जन्म परळचा, नोकरी सगळी तिकिटांच्या खिडकीमागे, आणि गावच्या वाटणीत त्यांना विहिरीची एक बाजू मिळालेली आहे. पण बैल म्हटल्यावर त्यांच्यातला शेतकरी पेटला.

"आमच्याकडे बेंदराला बैलाची शिंगं रंगवतात. पुरणपोळी भरवतात. त्या दिवशी त्याच्या पाठीवर चाबूक पडत नाही. आणि तुम्ही त्याला झोडपणार?"

"मातीचा आहे हो, तात्या."

"बेंदरालाही मातीचाच पुजतात."

तात्यांनी पुढचे सगळे दिवस लिफ्टमध्ये, जिन्यात, दूधवाल्यासमोर मला हाच एक मुद्दा पुन्हा पुन्हा ऐकवला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "रमाकांत बैल मारतोय." पुढचं 'मातीचा' हे ते गाळत असत. दुसऱ्या विंगमधल्या एक बाई मला बघून लिफ्टमधून उतरल्या.

तरीही मी माधवकडे गेलो. माधव मूर्तिकार आमच्या मागच्या गल्लीतला. त्याच्या कारखान्यात माघी गणपतींची घाई चालली होती. मी बैल म्हणताच त्याने विचारलं, "वाहन म्हणून? वर कोण बसणार?"

"वर कोणी बसणार नाही," मी ठामपणे सांगितलं. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. "फोडायचा आहे."

माधवने ब्रश खाली ठेवला. "काका, लोक आमच्याकडे येतात ते फुटू नये म्हणून."

मी त्याला सगळं समजावलं. धान्याची पिशवी दिली. नलूने डब्यांच्या तळाशी उरलेलं पाच प्रकारचं काढून दिलं होतं, गहू, ज्वारी, मूग, मटकी आणि वाल. "साधा कर. ठोकळा चालेल. डोळेबिळे नकोत." एवढं सांगून मी थांबायला हवं होतं. पण दावे विभागात माणूस शेवटचं कलम घातल्याशिवाय सही करत नाही. "आणि हो, वाटेत फुटता कामा नये. वाटेत फुटला तर माझी अब्रू जाईल."

"नाय फुटणार," माधव म्हणाला. ते त्याने ज्या आवाजात म्हटलं त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

वैशालीताईंच्या सल्ल्यावरून मी पोलिसांनाही कळवायला गेलो. चौकीतले साहेब सभ्य होते. चहासुद्धा विचारला. मग म्हणाले, "म्हणजे काठ्या घेऊन जमाव जमवायचा आहे, आणि त्याची परवानगी आमच्याकडे मागताय?"

"जमाव नाही, सभासद आहेत."

"आणि बैलाला मारायचं."

"मातीच्या."

"मग मारता कशाला? त्याला कळणार का?"

मी त्यांना वसंताबद्दल सांगायला लागलो. त्यांनी मूर्ती असेल तर वॉर्ड ऑफिसला विचारा म्हणून सुचवलं. वॉर्ड ऑफिसात जनावरांच्या खिडकीने बैलाला लस दिली आहे का विचारलं आणि मातीचा म्हटल्यावर मूर्तींच्या खिडकीकडे पाठवलं. मूर्तींची खिडकी बंद होती. ती भाद्रपदात उघडते, असं तिच्याखाली डबा खात बसलेल्या गृहस्थांनी सांगितलं. मी परत चौकीत गेलो. साहेब म्हणाले, "लेखी काही देत नाही. आवाज करू नका, गाड्या फोडू नका. आणि काका, मारताना कोणी व्हिडिओ काढला तर सुरुवातीलाच मातीचा आहे म्हणून सांगा."

वसंताचा दिवस उजाडला. मी हातगाडी घेऊन माधवकडे गेलो आणि दारातच थांबलो. बैल उभा होता. वासराएवढा, पांढराशुभ्र, वशिंड नीट, गळ्याची पोळी नीट, शिंगं निळी. त्याला डोळे होते. नुसते डोळे नव्हेत, पापण्या होत्या. तो माझ्याकडे बघत होता.

"माधव, डोळे नको म्हणालो होतो."

"आंधळा देऊ काय काका?"

आम्ही बैल गाडीवर चढवला. गल्लीतून मुख्य रस्त्यावर येईपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे कुठल्याशा मंडळाच्या माघी गणपतीची विसर्जनाची मिरवणूक आली. पुढे बेंजो, मागे गणपती, मध्ये थोडी रिकामी जागा. रुमाल बांधलेल्या एका कार्यकर्त्याने आमची गाडी पाहिली आणि ओरडला, "नंदी पुढे घ्या रे, नंदी पुढे."

"अहो, हा नंदी नाही," मी म्हणालो. पण बेंजोपुढे कोणाचं काय चालतं? आमची गाडी मिरवणुकीत घेतली गेली. मग बायका आल्या. हळद लागली, कुंकू लागलं. शिंगांना हार पडले. एका आजोबांनी गाडीपुढे नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा बैलाच्या तोंडापाशी ठेवला. मला गुलाल लागला. एका तरुणाने वाकून माझ्या पायांना हात लावला. मिरवणुकीबद्दल माझ्या पुष्कळ तक्रारी आहेत, पण याबद्दल नाही.

गणपती चौपाटीच्या दिशेला वळला तशी आमची गाडीही वळायला लागली. मी आडवा झालो. "आमचा बैल विसर्जनाचा नाही."

"मग कसला?" कार्यकर्त्याने विचारलं.

फोडायचा, हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. गुलालात न्हालेल्या त्या जमावाकडे बघून मी तो परत गिळला. "घरगुती आहे," मी म्हणालो. त्यांनी हात जोडून वाट दिली.

आम्ही कंपाउंडमध्ये शिरलो तेव्हा सगळी सोसायटी जमली होती. आम्हाला बघून कोणीतरी 'मोरया' म्हणालं आणि बाकीच्यांनी साथ दिली. नलू ताम्हण घेऊन उभी होती. मी डोळ्यांनी नको नको करत असताना तिने बैलाला ओवाळलं, अक्षता टाकल्या आणि डोळे मिटून नमस्कार केला. मागाहून ती म्हणाली की एवढं सजून दारात आलेल्याला ओवाळायचं नाही हे हाताला कळलंच नाही. तिच्या मागे सगळ्यांनी रांग लावली. तात्या पहिले.

नमस्कार झाल्यावर तात्या वळले. "झाली पूजा. आता याला कोणी हात लावायचा नाही. लावलाच तर मी आडवा पडेन."

आणि नेमके तेव्हा डॉक्टर दवाखान्यातून बाहेर आले. राखाडी सूट, टाय. हातात वेताची काठी, तिला लाल, पिवळे, हिरवे कागद गुंडाळलेले. ते कागद त्यांनी स्वतः बसून चिकटवले असणार, कारण दोन ठिकाणी दात चिकटवायचं सिमेंट दिसत होतं. त्यांनी हारांत बुडालेला बैल पाहिला. त्याच्यासमोर हात जोडलेली आम्ही माणसं पाहिली.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "याला कोण मारेल? राहू दे, रमाकांत. दवाखान्यात ठेवू, पेशंट बघतील." आणि ते काठीवरचा कागद नखाने सोडवायला लागले.

मला फार वाईट वाटलं. माझी अब्रू जाणार म्हणून नव्हे. अब्रू जायला मी सरावलेलो आहे. पण त्यांच्या वडिलांनी जे भीतीपोटी ठेवून दिलं ते आज आम्ही त्यांच्याकडून भक्तीपोटी ठेवून घेत होतो, आणि तेही हार घालून. मी बोलायला तोंड उघडलं.

"थांबा," नलू म्हणाली. ताम्हण तिच्या हातातच होतं. "उत्तरपूजा करू. गणपतीची करतोच ना? अक्षता वाहायच्या, मूर्ती जागची हलवायची. देव गेला. मग राहते ती माती."

"आवाहनच झालेलं नाही तर उत्तरपूजा कसली?" तात्या म्हणाले.

वैशालीताई इतका वेळ गाड्यांपाशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "तात्या, आवाहन झालं नसेल तर हा देव नाही, फोडा. झालं असेल तर उत्तरपूजा होईल, मग फोडा. दोन्हीकडून फुटतोच."

तात्यांनी यावर पुष्कळ विचार केला. मग म्हणाले, "मंत्र मी म्हणणार."

मंत्र झाला. नलूने बैलाला थोडा उजवीकडे सरकवला. बायकांनी हार उतरवले. तरी कोणी पुढे येईना, कारण पापण्या तशाच होत्या. शेवटी तात्यांनीच खांद्यावरचा पंचा काढला आणि बैलाच्या डोळ्यांवर टाकला.

"डॉक्टर, आता मारा," नलू म्हणाली.

डॉक्टरांनी काठी उचलली. मारलं म्हणावं की दार ठोठावलं म्हणावं, इतक्या हळू त्यांनी ती बैलाच्या कुशीवर टेकवली. आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. आम्हाला त्यातलं काही कळलं नाही, पण ते कोणाला तरी उठवत होते एवढं कळलं. मग सगळे पुढे सरसावले. पडद्यांच्या काठ्या, छत्र्या, कोणाचं लाटणं. बैलाला काहीही झालं नाही. माझ्या हातातली काठी मोडली. तात्यांची छत्री उलटी झाली. गर्दीत बघायला आलेल्या माधवकडे मी पाहिलं.

"काथ्या घातलाय आत," तो अभिमानाने म्हणाला. "तुमीच बोललात ना, फुटता नये."

सल्ले सुरू झाले. गुडघ्यावर मारा. शिंगापासून सुरू करा. तात्या म्हणाले, "रमाकांत, तू ताटावरची माशी उडवतोयस. बैल असा हाकतात होय? मागून ये, धावत ये." ज्यांनी मघाशीच बैलासाठी प्राण द्यायची तयारी दाखवली होती, ते आता मला मारायचं कसं ते शिकवत होते. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी उरलेली अर्धी काठी घट्ट धरली, मागे गेलो आणि धावत निघालो.

आता घटनास्थळाची परिस्थिती सांगतो. बैलाच्या पोटाखालचं, धान्य भरायला ठेवलेलं भोक बुजवणारं तेवढं एक बूच या माऱ्यात निघालं होतं. त्यातून मूग गळत होते. खाली गुळगुळीत फरश्या होत्या. माझा उजवा पाय मुगांवर पडला आणि त्यानंतरचा निर्णय माझा नव्हता. मी उडालो आणि बैलावर बसलो. अगदी स्वार झालो. वर कोणी बसणार नाही, असं मी माधवला सांगितलं होतं, त्याने तसाच बनवला होता. काथ्या, माती, वशिंड, सगळं माझ्याखाली बसलं. बैल फुटला. धान्य चारी बाजूंनी ओसंडलं. आणि त्या दणक्यात, डॉक्टरांनी नववर्षाच्या आधी बसवून दिलेले माझे नवेकोरे पुढचे दोन दात तोंडातून सुटून त्या ढिगात कुठेतरी गेले.

मग एक हसू ऐकू आलं. डॉक्टर हसत होते. पोट धरून, टाय सुटेपर्यंत, डोळे पुसत हसत होते. इतक्या वर्षांत त्यांचे स्वतःचे दात आम्ही पहिल्यांदा पाहिले. हसता हसता त्यांनी काठी वर केली आणि ओरडले, "लुटा!"

हा शब्द आमच्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. दसऱ्याची सवय आहे. सगळी सोसायटी माझ्या अंगावर आली. मी अजून ढिगातच होतो. माझ्या खालून माती ओढली गेली, मांडीखालून शेपूट गेलं, तात्यांनी माझ्या काखेतून शिंग काढून घेतलं. "माझे दात," मी म्हणत होतो, पण दातांशिवाय 'दात' म्हणणं किती अवघड आहे हे ज्याचं जातं त्यालाच कळतं. लाफिंग क्लबमध्ये हसावं तसे लोक माझ्याकडे बघून हसले आणि मुठी भरून निघून गेले. वैशालीताई शेवटी आल्या. झाडू आणवला होता त्यांनी. फरश्यांकडे बघितलं आणि झाडू भिंतीला टेकवून ठेवला. झाडायला एक कणही उरला नव्हता. मग त्या वाकल्या आणि माझ्या खिशाला चिकटलेलं मातीचं ढेकूळ तेवढं काढून घेऊन गेल्या.

डॉक्टर त्या रिकाम्या फरश्यांवर बराच वेळ उभे होते. त्यांना स्वतःला काहीच मिळालं नव्हतं. नलूने आपल्या ओच्यातली अर्धी माती त्यांच्या रुमालात घातली.

दवाखाना त्यांच्या नववर्षानंतरच्या पौर्णिमेपर्यंत बंद होता, म्हणून मी तेवढे दिवस तसाच राहिलो. या खेपेला ओठही सुजला होता, आणि सुजलेल्या ओठाने, पुढच्या दातांशिवाय 'त्यात काय एवढं' हे वाक्य म्हणायला गेलं की नुसती हवा येते. त्यामुळे मी ते म्हटलं नाही. नलूच्या मते लग्नानंतरचे हे सर्वांत निवांत दिवस.

आणि मग एका सकाळी समोरच्या ग्रिलमध्ये हिरवं दिसलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या वरच्यात. लोकांनी माती तुळशीत, कढीपत्त्यात, गुलाबात टाकली होती, आणि मातीबरोबर धान्य गेलं होतं. लालबागेत आमच्या इमारतीला ज्वारी आली. वालाचे वेल वाळत घातलेल्या कपड्यांवर चढले. कुंडीतलं पाणी खालच्यांच्या चादरींवर पडतं म्हणून वैशालीताईंनी नोटीस लावली, पण सगळ्यांत उंच ज्वारी त्यांच्याच खिडकीत होती. डॉक्टर रोज सकाळी चहाचा कप घेऊन कंपाउंडमध्ये उभे राहायला लागले. एकेका मजल्याकडे बघत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "शेतावर आलोय."

दात तात्यांनी आणून दिले. त्यांच्या कढीपत्त्याच्या कुंडीत गहू आला होता, आणि चमच्याने खुरपणी करताना ते लागले. "शेतकऱ्याच्या हाती पडले म्हणून मिळाले," ते म्हणाले. "दुसरा कोणी पाणी घालत बसला असता."

दवाखाना उघडल्यावर नलू माझ्याबरोबर आली. मुद्दाम आली. तुम्ही दात बसल्याबरोबर काय बोलाल त्याचा नेम नाही, मी समोर बसते, असं म्हणाली आणि बाकावर पर्स घेऊन बसली. डॉक्टरांनी दात धुतले, घासले आणि माझ्या तोंडात दोन्ही हात घातले.

"रमाकांत, हलू नको," ते म्हणाले. पहिला दात जागेवर दाबून धरला. मग म्हणाले, "लहानपणी मी सिंहाचा नाच बघितलेला. कापडाचा सिंह, आत दोन माणसं, पुढे ढोल. दारोदार जायचा. वडिलांच्या खांद्यावर बसून बघितला मी. मनात येतं, पुढच्या वर्षी आपल्या गल्लीतून…"

माझ्या तोंडात त्यांची बोटं होती. मी डोळे मोठे केले, खुर्चीचे हात आवळले, घशातून आवाजही काढला.

"राहू दे," डॉक्टर म्हणाले.

"राहू दे काय, डॉक्टर?" बाकावरून नलू म्हणाली. "त्यात काय एवढं."